बिअरची बाटली, व्हिनेगर आणि आमच्या गावची टाकी

पोस्ट मोठी आहे. पण पावसाळा तोंडावर आलाय आणि विषय पाण्याचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती. सुरुवात मात्र बिअरपासून होणार आहे. माळकरी मंडळींनी तेवढं सांभाळून घ्यावं.

काही वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी अमेरिकेत होतो. इंडियाना राज्यात कोलंबस नावाचं गाव आहे, तिथं. गाव छोटं, पण इंजिनांच्या धंद्यामुळं पुण्याकडची माणसं इतकी, की दुकानात भाजी निवडताना मागून मराठी ऐकू यायचं. हिवाळा लांबलचक. संध्याकाळी पाचला अंधार. अशा दिवसांत माणूस काहीतरी उद्योग शोधतो. मी घरी बिअर बनवायला लागलो.

तिकडं हा रीतसर छंद आहे. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली आणि घरच्यापुरती बिअर बनवायला केंद्राची परवानगी मिळाली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, एक असेल तर १००. विकायची मात्र नाही. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा आहे. त्यामुळं पोस्ट वाचून कुणी बादल्या मांडून बसू नका. मला सांगायचंय ते बिअरबद्दल नाहीच. बिअरची भांडी धुताना जे शिकलो त्याबद्दल आहे.

तर झालं असं.

पुस्तकात बघून पहिला घाणा केला. मोड आणून वाळवलेल्या जवाचं पाणी काढायचं, त्यात हॉप्सची फुलं घालून तासभर उकळायचं, गार करायचं, यीस्ट टाकायचं. मग प्लास्टिकच्या मोठ्या बादलीत झाकून दोन आठवडे ठेवायचं आणि शेवटी थोडी साखर घालून बाटल्यांत भरायचं. सगळं केलं. बाटल्या कपाटात लावून ठेवल्या.

तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता कपाटात धडामकन आवाज झाला. बायको दचकून उठली, तिला वाटलं चोर आला. कपाट उघडलं तर एक बाटली फुटलेली, काचा कोटांच्या खिशात गेलेल्या. पाठोपाठ दुसरी फुटली. उरलेल्या बाटल्या अंगावर जाड जॅकेट घालून बाहेर नेल्या. चव बघितली तर चार दिवसांचं ताक परवडलं.

शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ राहायचे. सगळं आयुष्य लेथवर गेलेलं. चाळीस वर्षं घरी बिअर बनवत होते. मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणायचो. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चव बघितली नाही, वासही घेतला नाही. एवढंच विचारलं, "भांडी कशानं धुतलीस?"

म्हटलं, "साबणानं. आणि कढत पाण्यानं."

"आणि निर्जंतुक कशानं केलीस?"

मी म्हटलं, तेच की.

ते हसले. माझी बादली मागवली, आतून बोट फिरवलं आणि मला बोट फिरवायला लावलं. तारेच्या घासणीनं घासून घासून मी आत बारीक चरे पाडले होते. म्हणाले, तुझे जंतू इथं राहतात.

त्या दिवशी काकांनी जे सांगितलं ते आपल्या स्वयंपाकघरालाही तंतोतंत लागू आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

उकळलेल्या रसात जवळजवळ काही जिवंत राहत नाही. धोका सुरू होतो तो रस गार झाल्यावर. गोड, कोमट, सुस्त पडलेलं पाणी म्हणजे जंतूंना उघड्यावरचा जिलबीचा पाक. तिथं आधी जो पोचेल त्याचं राज्य. आपण यीस्ट टाकतो ते आधी पोचावं म्हणून. पण बादलीच्या चऱ्यांत दही लावणाऱ्या जातीचे जंतू बसलेले असतील तर ते रस आंबट करतात. रानटी यीस्ट असेल तर आपल्या यीस्टनं सोडलेली साखरही ते खात बसतं. बाटलीला बूच लागलेलं, आत वायू साठत जातो आणि रात्री दोनला कपाटात धडाम होतं.

म्हणून काकांचा पहिला नियम: धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. आधी धुवायचं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा, मऊ फडकं, मग स्वच्छ पाणी. घासणी नाही. घाण डोळ्यांना दिसत नाही इतकं झालं की मगच जंतुनाशक. कारण जंतुनाशकाला घाण आणि जंतू यांतला फरक कळत नाही. समोर जे येईल त्यावर ते खर्च होतं. भांडं मळकं असेल तर औषध मळावरच संपतं आणि जंतू मागं सुखरूप राहतात.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं टाकीपाशी परत लागणार आहे.

दुसरा प्रश्न, जंतुनाशक कुठलं? बिअरच्या सामानाच्या दुकानात खास बाटल्या मिळतात. फॉस्फोरिक आम्लाच्या, आयोडीनच्या. चांगल्या असतात, पण स्वस्त नसतात. काका म्हणाले, तुझ्या घरात दोन वस्तू आहेत, पाच गॅलन पाण्याला काही सेंटांत काम होईल. कपड्यांचं साधं ब्लीच आणि पांढरं व्हिनेगर.

कृती अशी. पाच गॅलन म्हणजे साधारण १९ लीटर पाणी घ्यायचं. त्यात ३० मिली बिनवासाचं, साधं ब्लीच घालून नीट ढवळायचं. नंतर, म्हणजे ब्लीच पाण्यात पूर्ण मिसळल्यावर, ३० मिली व्हिनेगर घालायचं. परत ढवळायचं. धुतलेली भांडी त्यात काही मिनिटं बुडवायची आणि पालथी घालून निथळायची. बस्स.

हिशेब सोपा आहे. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पाच टक्क्यांचं. ३० मिलीत दीड ग्रॅम. ते १९ लीटरमध्ये गेलं म्हणजे लीटरला साधारण ८० मिलिग्रॅम. अमेरिकेच्या नियमांप्रमाणं अन्नाच्या भांड्यांवर २०० पर्यंतचं द्रावण वापरून नुसतं निथळलं तरी चालतं. हे त्याच्या निम्म्याहून कमी आहे.

मग व्हिनेगर कशाला? इथं खरी गंमत आहे. ब्लीच हे खारं, म्हणजे अल्कधर्मी असतं. नुसतं ब्लीच पाण्यात घातलं तर त्यातला बराचसा क्लोरीन अशा रूपात राहतो, जो जंतू मारायला मंद असतो. पाणी थोडं आंबट केलं, पीएच सहा-सातच्या आसपास आला, की तोच क्लोरीन हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात जातो. हे रूप जंतूच्या कवचातून सहज आत शिरतं आणि कितीतरी पटींनी जोरात काम करतं. म्हणजे औषध तेवढंच, पण व्हिनेगरच्या दोन चमच्यांनी ते जागं होतं. नुसतं ब्लीच वापरलं तर जास्त घालावं लागतं, मग खळखळून धुवावं लागतं आणि धुण्याच्या पाण्यातून जंतू परत येतात ते वेगळंच.

आता माझा मूर्खपणा. हा भाग लेकी-सुनांना आणि घरकामाच्या मावशींना वाचून दाखवा.

दुसऱ्या घाण्याच्या वेळी मी डोकं चालवलं. म्हटलं, दर वेळी दोन बाटल्या कशाला काढायच्या? दोन्ही एकत्र मिसळून ठेवू, लागेल तसं पाण्यात घालू. तळघरातल्या बेसिनपाशी कपात ब्लीच घेतलं आणि वरून व्हिनेगर ओतलं. पाणी नाही, काही नाही.

एका श्वासात घसा आवळला. डोळ्यांतून पाणी, खोकल्याची उबळ, पायऱ्या दिसेनात. बायको वरून ओरडत आली, तिलाही वास लागला. दोघंही बर्फात बाहेर अनवाणी उभे. दोन दिवस माझा घसा खरवडल्यासारखा होता, बाकी निभावलं. ब्लीच थेट आम्लात मिसळलं की क्लोरीनचा वायू सुटतो. १९१५ साली बेल्जियममध्ये ईप्रच्या लढाईत जर्मनांनी सैनिकांवर सोडला तो हाच. आपल्याकडं संडास-बाथरूमसाठी जे ॲसिड मिळतं, ते व्हिनेगरपेक्षा कितीतरी कडक असतं. "जास्त स्वच्छ व्हावं" म्हणून बंद संडासात ॲसिडवर ब्लीच किंवा पावडर टाकणारी माणसं मी पाहिलीत. माझी आई त्यांतलीच एक होती. कधीही, कुठल्याही कारणानं, ही दोन एकत्र करू नका. वरच्या कृतीत चालतं कारण मधे १९ लीटर पाणी आहे आणि ब्लीच त्यात आधीच विरघळलेलं आहे. क्रम चुकला की औषधाचं विष होतं.

काकांना सांगितलं तेव्हा ते चिडले. आत गेले आणि मापाचा एक छोटा कप आणून दिला. त्यावर ३० मिलीच्या रेघेवर लाल रंग लावलेला होता. म्हणाले, अंदाजानं करायचं असेल तर हा छंद सोड.

तो कप मी जपून ठेवला. पुढच्या सगळ्या घाण्यांत एकही बाटली फुटली नाही.

अजून एक गोष्ट तिथं कळली, ती सांगतो आणि मग गावाकडं येतो. तिकडच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. बिअर बनवणाऱ्यांना तो नको असतो, कारण धान्यातल्या काही घटकांशी त्याची प्रक्रिया होऊन बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. म्हणून कॅम्पडेनची गोळी टाकून तो आधी मारायचा. मी नळ सोडला की कुरकुरायचो, कशाला एवढं औषध घालतात हे लोक.

काका एकदा म्हणाले, कुरकुर करू नकोस. हा वास येतोय म्हणून तुला बाकीची काळजी नाही.

तेव्हा मी फार मनावर घेतलं नाही. पुढं वाचलं. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरनं विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं खाली आले. लोकांनी त्याचं ऐकलं नाही, उलट त्रास दिला. १८७६ साली लुई पाश्चरनं अख्खं पुस्तक लिहिलं ते बिअरवर: ती का बिघडते, तर बाहेरच्या जंतूंमुळं. आणि १९०८ साली अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात कायमस्वरूपी क्लोरीन घालायला सुरुवात झाली. तेव्हाही लोक म्हणाले होते, पाण्यात विष घालतात. नंतर गावोगाव तेच सुरू झालं आणि टायफॉइडच्या साथी ओसरल्या. बादलीतला क्लोरीन आणि नळातला क्लोरीन एकच. फरक फक्त मापाचा.

मी परत आलो. सातारा जिल्ह्यात आमचं गाव. नाव लिहीत नाही, कारण ही पोस्ट कुणावर राग काढायला नाही. नोकरी पुण्यात, आई गावी. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये सकाळी चुलतभावाचा फोन आला, "काकूला जुलाब-उलट्या चालू हायत, सलाईन लावलंय." पोचलो तेव्हा दवाखान्यात आमच्याच आळीतली सात-आठ माणसं. एका खाटेवर दोन पोरं. आईचा हात हातात घेतला तर कातडी चिमटीत धरून सोडली तरी खाली बसत नव्हती, इतकं अंगातलं पाणी गेलेलं. पंचाहत्तर वर्षांची बाई. ती रात्र मी विसरणार नाही.

तिसऱ्या दिवशी आई उठून बसली, चहा मागितला. मग मी टाकीकडं गेलो.

पाणी सोडणाऱ्या माणसाला गावात सगळे दादा म्हणतात. मीही म्हणतो, वयानं माझ्याहून लहान असला तरी. पगार किती ते लिहायची मला लाज वाटते. पहाटे चारला उठून व्हॉल्व्ह फिरवतो, दिवसा दुसऱ्याच्या रानात जातो.

म्हटलं, "दादा, पाण्यात पावडर टाकता का?"

"टाकतो की. रोज टाकतो. खोटं कशाला बोलू?"

"किती?"

त्यानं प्लास्टिकचा मग दाखवला. "ह्यो एवढा. काठोकाठ न्हाई, ह्या फुलापर्यंत." मगावर गुलाबाचं चित्र होतं.

"कुणी सांगितलं एवढंच टाकायचं?"

"माज्या आदी जे हुते त्यांनी."

मला आधी रागच आला. गुलाबाच्या फुलापर्यंत! म्हटलं, इथंच घोळ आहे. मग घेऊन आम्ही किराणा दुकानात गेलो. फुलापर्यंत टीसीएल पावडर भरली आणि काट्यावर ठेवली. एकशे दहा ग्रॅम.

आता हिशेब बघा. चांगल्या, ताज्या ब्लीचिंग पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याला हजार लीटरमागं अडीच ग्रॅम पावडर, हे डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकातलं ढोबळ माप. आमची टाकी पन्नास हजार लीटरची. म्हणजे सव्वाशे ग्रॅम. दादाचं फूल जवळजवळ बरोबर होतं! आधीच्या माणसाला कुणीतरी कधीतरी नीट शिकवलं होतं आणि ते शिक्षण गुलाबाच्या चित्रात शिल्लक राहिलं होतं.

मग चुकलं कुठं?

टाकीखालच्या खोलीत गेलो. पावडरीची पिशवी उघडी, ओल आलेल्या भिंतीला टेकलेली. किती महिने, कुणाला माहीत नाही. मी झाकण काढून वाकून वास घेतला. माझ्या तळघरातल्या त्या कपाची आठवण यावी असा नाकात झिणझिणणारा वास यायला हवा होता. आला तो नुसत्या चुन्याचा. उघड्यावर, ओलीत, उन्हात ही पावडर मरत जाते. क्लोरीन उडून जातो आणि चुना मागं राहतो. पांढरी दिसते, मगात भरते, काट्यावर वजन दाखवते. काम करत नाही. नमुना नंतर तपासायला पाठवला, तेव्हा क्लोरीन असायला हवा त्याच्या निम्म्याहून कमी निघाला.

दुसरं, पावडर कोरडीच टाकीत फेकली जायची. गोळे तळाला जाऊन बसायचे. खरं म्हणजे बादलीत थोड्या पाण्यात कालवून, बादली भरून, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. चुना खाली बसतो आणि क्लोरीन वरच्या निवळीत उतरतो. ती निवळी टाकीत ओतायची.

तिसरं, पावडर टाकली की लगेच व्हॉल्व्ह सोडायचा. क्लोरीनला निदान अर्धा तास द्यावा लागतो, तासभर दिला तर उत्तम.

आणि चौथं, जे काकांनी बादलीत बोट फिरवून शिकवलं होतं. टाकी आतून कधी धुतली, हे गावात कुणालाच नक्की आठवत नव्हतं. शिडी लावून बघितलं तर तळाला घोटाभर गाळ, एका बाजूचं झाकण गायब. जो काही मरतुकडा क्लोरीन पडत होता तो त्या गाळावरच संपत होता. आधी धुणं, मग निर्जंतुक करणं. पाच गॅलनच्या बादलीला जो नियम, तोच पन्नास हजार लीटरच्या टाकीला.

राहिलं काय, तर तपासणी. ओटी टेस्टचा डबा ग्रामपंचायतीच्या कपाटात होता. नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. डबा उघडला तर औषधाची मुदत संपलेली. तालुक्याहून नवी बाटली आणली. टाकीजवळच्या नळाला किंचित पिवळेपणा. गावाच्या खालच्या अंगाला, वस्तीच्या शेवटच्या नळाला, पाणी होतं तसंच पांढरं. दोनदा केलं, तीनदा केलं. पांढरंच. आजारी पडलेली निम्मी माणसं त्या वस्तीतली आणि उरलेली आमच्या आळीतली. मधे एका ठिकाणी पाइप गटारातून जातो आणि तिथं जोडाला गळती होती. पाणी बंद असताना गटारातलं आत ओढलं जातं. अशा वेळी वाचवणारा एकच, पाण्यात शिल्लक असलेला क्लोरीन. शेवटच्या नळाला लीटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं, साथीच्या भीतीत ०.५. आमच्याकडं होता शून्य.

आणि मी अमेरिकेत नळाला क्लोरीनचा वास येतो म्हणून नाक मुरडत होतो.

खरं सांगतो, त्या दिवशी दादावर आलेला राग माझ्यावरच उलटला. हा माणूस रोज न चुकता मग टाकत होता. जे सांगितलं होतं ते करत होता. पिशवी मरते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते माहीत होतं. बिअर खराब होऊ नये म्हणून मी ब्लीचच्या बाटलीवरची तारीख बघत होतो, मिलीमिलीचा हिशेब ठेवत होतो. दर सुट्टीला गावी येत होतो, त्याच टाकीचं पाणी पीत होतो, आणि एकदाही टाकीपर्यंत शंभर पावलं चाललो नव्हतो. आपली हौस मापात आणि गावाचं पाणी अंदाजे.

पुढं काय झालं ते थोडक्यात. सरपंचांशी बोललो. आधी जरा ताणाताणी झाली, "साहेब सुट्टीला येऊन आम्हाला शिकवायला लागले" असंही कानावर आलं. त्यात तथ्य होतं, म्हणून गप्प बसलो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी भाषण केलं नाही. दोन ग्लास ठेवले. एकात टाकीजवळचं पाणी, एकात शेवटच्या नळाचं. दादालाच थेंब टाकायला लावले. एक पिवळं झालं, एक नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी आमच्याकडं येईस्तोवर औशीद संपतंय व्हय?" त्यानंतर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

टाकी उपसून धुतली. झाकण बसलं. पावडर आता झाकणाच्या डब्यात, कोरड्या खोलीत असते आणि डब्यावर तारीख लिहिलेली असते. गटारातला जोड बदलायला चार महिने लागले, ते काम पैशाचं होतं. मधल्या काळात आशाताईंनी घरोघर क्लोरीनच्या छोट्या बाटल्या वाटल्या. मागच्या पावसाळ्यात आमच्या आळीत साथ आली नाही. ती केवळ यामुळंच आली नाही असा दावा मी करणार नाही. पण शेवटच्या नळाचं पाणी आता पिवळं होतं, हे मी स्वतः बघितलंय.

आता घरात काय करता येईल, तेही सांगतो. काहींनी आधीच्या एका पोस्टवर विचारलं होतं.

कोकमाचं आगळ, आवळ्याचं सरबत, लोणच्याच्या बरण्या, पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या, मुलांचे डबे, यांना तीच युक्ती चालते. दहा लीटर पाणी, त्यात पाच टक्क्यांचं बिनवासाचं हायपोक्लोराइट १५ मिली, म्हणजे एक मोठा चमचा. ढवळा. मग व्हिनेगर १५ मिली. ढवळा. आधी धुतलेल्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बाटल्या पाच मिनिटं बुडवा आणि निथळू द्या. वास नको असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यानं एकदा विसळा. बरणी आतून पूर्ण वाळल्याशिवाय लोणचं भरू नका, हे तुम्हाला आजीनं सांगितलेलंच असेल.

काळजी एवढीच. बाटलीवर किती टक्के लिहिलंय ते वाचा, दहा टक्क्यांचं असेल तर निम्मं घ्या. ब्लीचही जुनं झालं की कमजोर होतं, तारीख बघा. द्रावण रोज ताजं करा, साठवू नका. स्टीलची भांडी त्यात भिजत ठेवू नका, डाग आणि खड्डे पडतात. ॲल्युमिनियम तर अजिबात नको. ज्याला उकळता येतं त्याला नुसतं उकळा, त्याहून स्वस्त काही नाही. आणि ही कृती भांड्यांसाठी आहे. पिण्याच्या पाण्यात व्हिनेगर घालायचं नाही, आणि कपड्यांचं ब्लीचही नाही. त्यासाठी आशाताई किंवा आरोग्य केंद्र जे देतं ते, त्यावर लिहिलेल्या मापात.

शेवटी एक काम. या आठवड्यात आपापल्या टाकीपर्यंत चालत जा. भांडायला नको, फक्त विचारा: पावडर कधीची आहे आणि ती कशात ठेवता? टाकी कधी धुतली? आणि शेवटच्या नळाला ओटी टेस्ट कधी केली? शहरात राहत असाल तर सोसायटीच्या टाकीबद्दल दुसरा प्रश्न सेक्रेटरींना विचारा. उत्तर काय आलं ते खाली कमेंटमध्ये लिहा. कुणाचं नाव लिहू नका, उत्तर लिहा.

परवा गावी गेलो होतो. दादाचा मग अजून तोच आहे, गुलाबाच्या फुलाचा. त्यानं फुलाच्या थोडं वर लाल नेलपॉलिशनं एक रेघ मारलीय, नवी पावडर काट्यावर मोजून. म्हणाला, "आता कुणीबी आलं तरी चुकायचं न्हाई."

काकांचा तो मापाचा कप मी सोबत नेला होता. तो टाकीच्या खोलीत, मगाशेजारी ठेवून आलो.